निवृत्ती बॉडी आणायला जातो

पिंपळदऱ्यात निवृत्ती नावाचा एक फोटोवाला होता. हात चांगला, नजर चांगली, स्वभाव तर त्याहून चांगला. फक्त भोळा. इतका भोळा, की गिऱ्हाईक म्हणालं, "थांब जरा, तोंड धुऊन येतो," तर हा कॅमेऱ्याला डोळा लावून तसाच थांबायचा. गिऱ्हाईक तोंड धुवायचं, चहा प्यायचं, शेजाऱ्याशी चार गोष्टी करायचं. निवृत्ती आपला एक डोळा मिटून उभा. थांब म्हणालेत ना!

एके दिवशी त्याचा जुना कॅमेरा म्हातारपणाने गेला. आणि नेमकं त्याच्या मेहुणीचं, शेवंताचं, लग्न काढायचं चाललं होतं. बायको यमुना म्हणाली, "अहो, माझ्या बहिणीच्या लग्नाचे फोटो दुसऱ्या कुणी काढलेले मला चालायचे नाहीत. अण्णा आधीच म्हणतात, जावई वेंधळा आहे. एकदा त्यांना दाखवून द्या. तालुक्याला जा आणि चांगल्यातला चांगला कॅमेरा आणा."

निवृत्तीने दुकानात फोन लावला. ललवाणी शेठ म्हणाले, "या की! मिररलेस कॅमेऱ्याच्या दोन बॉड्या आल्यात, भिंग वेगळं जोडायचं. दोन्ही एक नंबर. बघा आणि एक घेऊन जा."

"मिररलेस म्हणजे?"

"आत आरसा नसतो."

निवृत्तीने फोन ठेवला आणि घरातला छोटा आरसा खिशात टाकला. त्यांच्याकडे नाही म्हणतात, तर आपला असावा.

एसटीच्या थांब्यावर म्हादूतात्या बसले होते. त्यांनी विचारलं, "कुठं रे निघालास एवढा खुशीत?"

"तालुक्याला. बॉडी आणायला."

तात्यांचा विडा तोंडापाशीच थांबला. "अरे देवा! कुणाची?"

"अजून शेठची. हातात आली की माझी."

"शेठ गेले?"

"नाही, शेठ दुकानातच आहेत. बॉडी पण दुकानातच आहे. दोन आहेत."

तात्यांनी विडा खाली ठेवला. "दोन! एकदम!"

"हो ना. अगदी सारख्या. पण मला एकच मिळणार."

"आणि तू हसतोयस? लेका, अशा कामाला असं हसत जातात काय? टोपी काढायची. मान खाली घालायची. हार घालायचा. आणि ताब्यात घेण्याआधी तोंड उघडून ओळख पटवायची. नाहीतर भलतीच गळ्यात येते."

निवृत्तीला पटलं. एवढी भारी वस्तू, भलतीच गळ्यात येऊन कसं चालेल?

दुकानात शेठने दोन्ही बॉड्या काचेवर ठेवल्या. काळ्याभोर, शेजारीशेजारी, निपचित. निवृत्तीने टोपी काढली. मान खाली घातली. पिशवीतून वाटेत घेतलेला हार काढून एकीवर ठेवला. दुसरीला वाईट वाटू नये म्हणून हाराचं दुसरं टोक तिच्यावर टाकलं. दुकानातली गिऱ्हाइकं आपोआप उठून उभी राहिली. एकाने तर चपला काढल्या.

"अहो, पूजा घरी करा," शेठ म्हणाले. "आधी पसंत तर करा!"

"तोंड उघडा," निवृत्ती हळू आवाजात म्हणाला. "ओळख पटवायची आहे."

शेठने दोन्हींची पुढची झाकणं काढली. निवृत्तीने खाली वाकून एकीत पाहिलं, मग दुसरीत पाहिलं, मग पुन्हा पहिलीत. मग मान हलवली.

"नाही पटत. दोघी एकाच तोंडवळ्याच्या. यातली आमची कुठली?"

"बाहेरून सारख्याच हो! अशा नुसत्या बघून कळायच्या नाहीत. उचलून बघा. हाताला वजन बघा. डोळ्यापाशी न्या. बटणं दाबा. पुढचं भिंग लावून, फिरवून, काढून बघा. निवडायचं म्हणजे असं निवडायचं!"

निवृत्तीने उचललं, दाबलं, फिरवलं, काढलं. ही हातात घेतली की ही बरी वाटे. ती घेतली की ती. शेठने दिवे लावले, उदबत्ती लावली, शटर अर्धं ओढलं. तरी निवृत्तीचं ठरेना. शेवटी शेठ म्हणाले, "शांतपणे विचार करा आणि पुन्हा या."

घरी येतो तर अंगणात निम्मं गाव बसलेलं. म्हादूतात्यांनी बांबूसुद्धा आणून ठेवलेले. यमुना दारात उभी. ती रागाने लाल झाली होती.

"कुठाय तुमची बॉडी?"

"ओळख पटली नाही," निवृत्ती म्हणाला.

हे ऐकून कोपऱ्यातल्या एका म्हातारीने हंबरडाच फोडला. तिला गप्प करून, सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावेपर्यंत यमुनेचा जीव मेटाकुटीला आला.

थोड्याच दिवसांत सासुरवाडीहून अण्णांचा निरोप आला. शेवंताला बघायला पाहुणे येणार होते. एकाच घरातले दोन भाऊ, दोघेही लग्नाचे. दोन्ही मुलं शिकलेली, दोन्ही कमावती. मुलीला पसंत पडेल तो जावई, असं थोरामोठ्यांत ठरलं होतं. थोरला विश्वंभर, धाकटा दिगंबर. ठरल्या दिवशी निवृत्ती यमुनेला घेऊन तिकडे पोचला, तोवर दोघे भाऊ सतरंजीवर येऊन बसले. गोरेगोमटे, शेजारीशेजारी.

अण्णा मानाने म्हणाले, "जावईबापू, तुम्ही या घरचे थोरले जावई. तुमचं काय मत?"

निवृत्तीला फार बरं वाटलं. अण्णांनी आजवर त्याला कधी मत विचारलं नव्हतं. आणि निवडायचं कसं, हे तर तो नुकताच शिकून आला होता. तो उठला. थोरल्या विश्वंभरला त्याने काखेत हात घालून उचललं.

"वजन जरा जास्त आहे," त्याने अण्णांना सांगितलं.

मग विश्वंभरचं तोंड डोळ्यापाशी नेलं. मग त्याचं नाक दाबलं.

"बटण आत जातं. पण होत काहीच नाही."

निवृत्तीने दोन्ही हातांनी विश्वंभरचं डोकं धरलं आणि डावीकडे फिरवलं. मग उजवीकडे.

"आणि मुंडकं काही निघत नाही!"

"सोडा मला!" म्हणत विश्वंभर उठला, तो थेट अंगणात जाऊन उभा राहिला. पाहुण्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. अण्णांनी डोळे मिटून घेतले. यमुनेने पदरात तोंड लपवलं. पण धाकट्या दिगंबरला मात्र हसू आवरेना. तो हसून हसून सतरंजीवर आडवा झाला. निवृत्ती त्याच्याकडे वळला तर हा आपणहून म्हणाला, "दाजी, माझं नाक हळू दाबा हं, सर्दी आहे."

दाराआडून शेवंता म्हणाली, "अण्णा, मला हाच."

लग्न ठरलं. पाहुणे गेल्यावर अण्णांनी निवृत्तीला बाजूला घेतलं. "बापू, असं चाचपून निवडत नसतात हो. माझ्या पोरीकडून शिका जरा. जो हसला, तो आपला."

निवृत्तीला वाटलं, अरेच्चा, एवढं सोपं होतं!

तो दुसऱ्याच दिवशी दुकानात हजर. शेठने दोन्ही बॉड्या पुन्हा काचेवर ठेवल्या. निवृत्तीने त्यांना जीभ काढून दाखवली. डोळे तिरळे केले. कान धरून बकरीसारखा ओरडला. दोन्ही बॉड्या गंभीर. मग त्याने आपल्याच बगलेत हात घालून गुदगुल्या करून घेतल्या आणि मधेच थांबून दोघींकडे निरखून पाहिलं. शेठ पोट धरून हसायला लागले.

"ठरलं!" निवृत्ती म्हणाला. "शेठ, तुम्हीच. चला."

"मी? कुठं?"

"लग्नाला."

शेठचं हसू ओसरायला बराच वेळ लागला. मग त्यांनी निवृत्तीला खुर्चीवर बसवलं आणि लहान पोराला सांगावं तसं सांगितलं, "हे बघा निवृत्तीराव. दोघींत फरक एवढाच. ही आहे ना, ही स्थिर बसलेल्या माणसासाठी. पापणीचा केस न् केस दाखवेल. आणि ती पळत्या माणसासाठी. माणूस कितीही जोरात पळू दे, ती त्याला सोडणार नाही. आता तुमचं काम बघा आणि बोला."

निवृत्तीने विचार केला. लग्नात स्थिर कोण बसतं? आचारी पळतो. करवल्या पळतात. मुलीचा मामा तर पळून पळून अर्धा होतो.

"ती द्या. पळत्या माणसाची."

शेठने त्याची पाठ थोपटली. इतकी शहाणी निवड त्यांच्या दुकानात कुणी केली नव्हती. त्यांनी भिंग जोडून कॅमेरा त्याच्या गळ्यात अडकवला.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडव भरला. अण्णा नवं धोतर नेसून सगळ्यांना सांगत होते, "फोटो आमचे जावईच काढणार. तालुक्यात नाही असा कॅमेरा आणलाय." यमुनेचा ऊर भरून आला. भटजींनी अंतरपाट धरून मंगलाष्टकं सुरू केली. एका बाजूला शेवंता, दुसऱ्या बाजूला पाटावर दिगंबर, डोक्याला बाशिंग, हातात हार. पुतळ्यासारखा स्थिर.

निवृत्तीने कॅमेरा डोळ्याला लावला. परत खाली घेतला. मग नवरदेवाच्या कानाशी जाऊन म्हणाला, "दिगंबरराव, पळा."

"काय?"

"पळा म्हणतो. जोरात."

दिगंबरला वाटलं, असेल यांच्या घरची रीत. पहिल्याच दिवशी सासरची रीत मोडायला नको. तो पाटावरून उतरला आणि पळत सुटला.

"नवरा पळाला!" कुणीतरी ओरडलं. अण्णा धोतर सावरत मागे धावले. अण्णा आपल्या पोराला मारणार असं वाटून दिगंबरचे वडील अण्णांच्या मागे धावले. भटजी अंतरपाट घेऊन धावले. बँडवाल्यांना वाटलं वरात निघाली, ते वाजवत मागे निघाले. आणि सगळ्यांच्या बाजूने निवृत्ती, खटाखट फोटो काढत. कॅमेरा खरंच कुणाला सोडत नव्हता.

अखेर शेवंतानेच शालू खोचला आणि विहिरीपाशी नवऱ्याला शेल्याला धरून थांबवलं.

"का पळालात?"

"दाजी म्हणाले," दिगंबर धापा टाकत म्हणाला.

मग दोघेही तिथेच हसत खाली बसले.

वरात उलटी मांडवात आली. अण्णांच्या धोतराला कुसळं लागलेली, भटजींना दम लागलेला. उरलेली मंगलाष्टकं कशीबशी झाली. अंतरपाट दूर झाला. अक्षता पडल्या. शेवंताने हार उचलला, दिगंबरने मान झुकवली. सगळा मांडव निवृत्तीकडे वळला.

निवृत्ती कॅमेरा पिशवीत ठेवत होता.

"अहो, काढा ना!" यमुना ओरडली. "हार घालतायत!"

"कसा काढू?" निवृत्ती म्हणाला. "आता कुणी पळतच नाहीये."