येसूचे नाकतोडे

“कुलपं बदलायची नाहीत, आणि गुपितही फुटता कामा नये!” वीरधवल राजाने फर्मावलं.

ती कुलपं त्याच्या आजोबांनी छंद म्हणून घडवली होती, आणि छंदासारखीच ती चालत. घाटात बैल ठेचकाळला की कुलूप उघडलंच! सीमेवरच्या किल्ल्याचा परवलीचा शब्द पेटीत घालून पाठवावा, तर तो किल्लेदाराच्या आधी शत्रूला कळे. हमाल म्हणत, “धक्क्याने उघडलं, सरकार.” खोटं तरी कसं ठरवणार? “हे जमायचं नाही,” असं स्पष्ट बोलल्याबद्दल मानाजी लोहार तुरुंगात बसला होता.

त्याची लेक येसू दरबारात आली. “मी जमवते, महाराज. बाबांना सोडा.”

“आधी जमव!”

“मग पुष्कळ पेट्या द्या. प्रत्येकीवर वेगळं चित्र काढा आणि आत तुमच्या मनातला एकेक शब्द घाला.”

“त्यातला परवलीचा कुठला?”

“ते अजून मलाही ठाऊक नाही.”

दरबार हसला. राजा मात्र गंभीरपणे शब्द शोधू लागला. हत्तीच्या पेटीत ‘लाटणं’, मोराच्या पेटीत ‘भोपळा’...

येसूने प्रत्येक पेटीत एक नाकतोडा सोडला, कुलपं लावली आणि स्वतः आडवाटेने किल्ला गाठला.

पेट्या आल्या. उघड्या होत्या त्या तिने बाजूला सारल्या. मग बंद पेट्यांतले नाकतोडे निरखून आणखी काही बाजूला सारल्या.

“अगं, यात नाकतोडा आहे की!” किल्लेदार म्हणाला.

“आहे, पण माझा नाही. मी प्रत्येकाची एक मिशी कापली होती. कुणाची डावी, कुणाची उजवी. चोराने झाकण उघडलं, माझा उडाला, त्याने रानातला भरला. याच्या दोन्ही मिशा शाबूत!”

मोराच्या पेटीतला तिचाच निघाला. कुठल्या पेटीत कुठला शब्द ते राजाला ठाऊक होतंच, म्हणून तिने फक्त दवंडी पिटवली, “परवलीचा शब्द मोराच्या पेटीतला!”

हेरांनीही ऐकलं, पण मोराची पेटी त्यांनी उघडलीच नव्हती; हाती होता तो हत्तीच्या पेटीतला शब्द. संध्याकाळी वेश पालटलेले शत्रूचे शिपाई दरवाजाशी आले आणि उसन्या आत्मविश्वासाने तोच ठोकून दिला, “लाटणं!” पहारेकऱ्यांनी त्यांना तिथेच बांधलं.

राजाने येसूला बोलावलं. “सगळं ठीक. पण उघड्या पेट्यांपैकी धक्क्याने किती उघडल्या आणि चोराने किती?”

“कळायला मार्ग नाही, महाराज. म्हणून सगळ्याच चोराच्या नावावर टाकल्या. आजोबांच्या कुलपांना उगाच कशाला बोल लावायचा?”

राजा खो खो हसला! मानाजीला सोडून त्याने येसूच्या हातात सोन्याचं कडं घातलं आणि तिला किल्ल्याची कारभारीण केलं.