तुरेरावाची तपासणी

माणूस रानात शिरायच्या कितीतरी आधी तिथे पाणी सोडणारं यंत्र होतं. किती घडे हवेत ते चिठ्ठीवर लिहायचं, पण फक्त अंकात. एक जरी अक्षर आत गेलं तरी यंत्र अडे. म्हणून तपासणीला तुरेराव कोंबडा बसवला होता.

एकदा सशाने '५घडे' लिहून आणलं. तुरेरावाने पाच पाहिला आणि ऐटीत मान डोलावली. "अंकच आहे. जाऊ दे आत!"

"पुढचंही वाचा की, भाऊ," मुंगी म्हणाली.

"मी शितावरून भाताची परीक्षा करतो!" तुरेराव डाफरला.

यंत्रात 'घ' अडकला. तीन दिवस रान तहानलेलं राहिलं. तुरेरावाचाही घसा सुकला, तरी तो सशालाच बोल लावत होता. पाणी सुरू होताच तो सर्वांत पुढे घुसला.

पाणी वाटणाऱ्या हत्तीणबाईंनी त्याच्या चोचीत एक थेंब टाकला.

"थेंबावरून तळं कळतं ना तुम्हाला? झालं तर मग. चला, पुढचा कोण?"