गवंड्यानं स्वतःचं घर विकायला काढलं

फार वर्षांमागे नदीकाठच्या एका गावात एक गवंडी आणि त्याची बायको राहत होती. गावातली निम्मी घरं त्याच्याच हातची. पण स्वतःचं घर त्यानं असं बांधलं होतं, की ओळंबा सोडून पाहिला तर केसाएवढा फरक निघू नये.

बायकोला दमा होता; रात्री ती बसूनच काढायची. नदीची ओल तिला सोसेना. वैद्यानं स्पष्ट सांगितलं, की आणखी एक पावसाळा इथं काढू नका, वर माळावरच्या गावाला जा. तिथं तिचा भाऊ होता, घरापुरती जागा द्यायलाही तयार होता. पण हे घर विकल्याशिवाय तिकडे चार भिंती उभ्या राहणार नव्हत्या. होळी नुकतीच झालेली. पावसाला तीन महिने उरलेले.

गावात एक दलाल होता. बैल म्हणा, शेत म्हणा, घर म्हणा, सगळं विकून द्यायचा. तो आला, ओट्यावर बसला आणि सुपारी कातरत म्हणाला, की घराचं माझ्यावर सोपवा. गवंड्यानं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"दगड मी घडवला, चुना मी मळला, आणि घर दाखवणार तू? माझं घर मीच विकीन."

यात काही वावगं नव्हतं. आपली वस्तू आपण विकण्यात कमीपणा कसला? चूक झाली ती पुढे.

पहिल्यांदा एक सोनार आला. गवंड्यानं त्याला सकाळपासून दुपारपर्यंत एकच भिंत दाखवली. तिच्यात त्यानं सात कोनाडे कोरले होते. कुठला दगड कुठल्या खाणीतला, चुन्यात गूळ किती, सगळं सांगून झालं. सोनाराला विचारायचं होतं एवढंच, की विहीर किती लांब आहे. त्याला तोंड उघडायला सवड मिळेना. जेवायची वेळ टळली तसा बिचारा निघून गेला.

मग शिंपी आला. खिडकी जरा लहान वाटते, म्हणाला. गवंडी म्हणाला, खिडकी नव्हे, तुझे डोळे लहान आहेत. पुढे एक बाई आली, चूल दुसरीकडे हलवावी लागेल म्हणाली, तर तिला यानं उंबऱ्याबाहेरची वाट दाखवली. आणि एवढ्यावर न थांबता आत येऊन बायकोला रंगवून सांगायचा, कसं एकेकाला गप्प केलं. ती खोकता खोकता ऐकून घ्यायची.

वैशाख सरत आला. एके सकाळी पाणी घेऊन येताना बायकोला अशी धाप लागली, की घागर खाली ठेवून ती वाटेतच बसली. बऱ्याच वेळानं उठली, ती घराकडे वळलीच नाही. सरळ दलालाच्या दारात गेली.

दुसऱ्याच दिवशी दलाल एका तेल्याला घेऊन आला. घर तेल्याच्या मनात भरलं. फक्त मधली भिंत पाडून तिथं त्याला घाणा बसवायचा होता, बैलाला फिरायला जागा हवी होती. दलाल म्हणाला, खुशाल पाडा, त्यात काय एवढं.

गवंडी ओट्यावर छिन्नीला धार लावत होता. तो उठला. शिवी अगदी ओठावर आली होती. तेवढ्यात बायको खांबाला धरून दारात उभी राहिली.

"अहो, अडीच महिने तुम्ही घर विकतच नाही आहात. येईल त्याच्याकडून नुसतं कौतुक गोळा करताय. त्या कौतुकावर माझा श्वास चालत नाही."

गवंड्यानं छिन्नी खाली ठेवली. आत गेला आणि हातोडीच्या दांड्यानं मधल्या भिंतीवर टकटक करत वर पाहू लागला. तो काय सांगणार हे दलालानं ओळखलं. त्याला बाजूला ओढून हळूच म्हणाला, "गवंडीदादा, आधी सुपारी फुटून सौदा पक्का होऊ द्या. मग काय ते सांगा. नाहीतर हाही जाईल."

जाईल, हे गवंड्यालाही दिसत होतं. दारात बायको धापा टाकत होती, तेही दिसत होतं. तरी तो तेल्याकडे वळला.

"या भिंतीवर दोन तुळया बसल्यात. ही पाडलीत तर माळवद तुमच्या न् बैलाच्या डोक्यावर येईल."

तेल्याचा चेहरा पडला.  मग गवंड्यानं कावेचा खडा घेतला, सात कोनाड्यांच्या भिंतीपाशी गेला आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत तांबडी रेघ ओढली.

"हिच्यावर कसलाच भार नाही. ही पाडा. पलीकडची खोली मिळून बैल मोकळा फिरेल."

तेली त्या रेघेकडे बघतच राहिला. म्हणाला, "मी घासाघीस करायला आलो होतो. आता तुम्ही म्हणाल तो भाव."

सुपारी फुटली. गिऱ्हाईक दलालानं आणलं होतं, म्हणून त्याचा वाटा त्याला मिळाला. पावसाळा लागायच्या आत नवराबायको माळावर भावाकडे पोचली. पहिल्या रात्री बायको सकाळपर्यंत आडवी झोपली. कितीतरी दिवसांनी.

तात्पर्य: घर स्वतः विका नाहीतर दलालाकडून विका, पण आधी मनानं त्या घरातून बाहेर पडा. कौतुकाची भूक असली की आलेलं गिऱ्हाईक दारातून परत जातं, आणि खरं सांगितलं की ते उंबऱ्याच्या आत येतं.