पांढरी भिंत आणि मिटलेली मूठ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. नदीच्या वळणावर ते गाव होतं आणि माणसं स्वभावानं चांगली होती. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ती जे करतात ते ऐकून तुम्हाला त्यांचा राग येईल. मलाही येतो.

त्या गावात एक रीत होती. कुणाच्या घरचं माणूस गेलं, की तेराव्यानंतर शेजारीपाजारी चुन्याची घमेली आणि कुंचे घेऊन यायचे आणि त्या घराची दर्शनी भिंत पांढरीशुभ्र करून द्यायचे. त्या दिवसापासून गेलेल्याचं नाव त्या घरात कुणी काढायचं नाही. दुःख चुन्याखाली गेलं, आता पुढचं आयुष्य सुरू करा, असं त्यांचं म्हणणं. आणि त्या भिंतीवर डाग पडला तर मरण गावात परत येतं, अशी साऱ्यांची पक्की समजूत होती. म्हणून त्या भिंतीला कुणी पाठसुद्धा टेकत नसे.

गावच्या नावाड्याला दोन मुलं होती. मुलगी थोरली, मुलगा धाकटा. मुलाचं नाव मी आत्ता सांगत नाही. गावाची रीत मोडणारा मी कोण?

एके दिवशी ही दोघं नदीवर खेकडे धरायला गेली आणि वरून अचानक पाण्याचा लोंढा आला. मुलीनं भावाचा हात घट्ट धरला. पाण्यानं तो ओढून नेला. लोकांनी मुलीला काठावर आणलं तेव्हा तिची उजवी मूठ मिटलेली होती.

ती मूठ पुढे उघडलीच नाही. तेरावा झाला, भिंत पांढरी झाली, तरी मूठ तशीच. नखं तळव्यात रुतून जखमा झाल्या होत्या. पोरगी बोलेना, रडेना. घास तोंडाजवळ नेला की ओठ आवळून घ्यायची.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि नावाड्याला बाजूला घेतलं. "अंगात रोग नाही रे. पण पोटात अन्न गेलं नाही, तर पोर हाती लागायची नाही."

दुसऱ्या दिवशी आई पाणी घेऊन घरी आली आणि दारातच थबकली. पोरीनं चुलीतला विझलेला कोळसा डाव्या हातात धरला होता आणि त्या पांढऱ्या भिंतीवर ती रेघा ओढत होती. वाकड्यातिकड्या, जाड, काळ्या रेघा. आई तिला थांबवायला पुढे झाली. पण तेवढ्यात पोरीनं मागे वळून उंबऱ्यावर ठेवलेल्या पेजेच्या वाटीकडे पाहिलं. आईनं वाटी पुढे केली, तर दोन घोट तिनं गिळले!

हा आनंद संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. कुणीतरी भिंत पाहिली आणि पाटलाच्या कानावर घातलं. पाटील स्वतः घमेलं घेऊन आला. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. त्याच्या सुनेचे दिवस भरत आले होते.

"लेकरू अजाण आहे, मी काही बोलत नाही," तो म्हणाला. "पण भिंत काळी ठेवून चालायचं नाही. माझ्या घरात बाळ यायचं आहे."

दोन कुंचे फिरले. रेघा गेल्या. पोरगी बघत राहिली आणि पेजेची वाटी तिनं दूर सारली.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा रेघा ओढल्या आणि पुन्हा दोन घोट प्यायली. या वेळी बापानंच भिंतीवर चुना मारला. लोकांच्या भीतीनं, आणि खरं सांगायचं तर त्या काळ्या रेघांकडे त्याला बघवेना म्हणून. पुन्हा ओठ मिटले. हे असं चालू राहिलं. पोरीच्या बरगड्या मोजता येतील अशी तिची दशा झाली. पोरगी केव्हा पेज पिते आणि केव्हा नाही, हे एकट्या आईच्या ध्यानात आलं होतं. पण ऐकणार कोण?

अशात एक म्हातारी चितारीण त्या वाटेनं आली. देवळांच्या भिंती रंगवत ती गावोगाव फिरायची. पाणी मागायला ती नावाड्याच्या दारात थांबली. तिनं पोरीच्या हातातला कोळसा पाहिला, भिंतीवरचे चुन्याचे थरावर थर पाहिले, आणि आईला विचारलं, "काय काढते गं ही?"

"काय माहीत, आजी. रेघाच असतात."

"एकदा तरी पुरं होऊ दिलंय का कुणी?"

आईला रडू फुटलं. मग तिनं पदर खोचला, दारात ठेवलेली चुन्याची दोन घमेली उचलून मागच्या उकिरड्यावर पालथी केली आणि भिंतीपुढे येऊन उभी राहिली.

"आज कुणी आलं तरी मी हलायची नाही," ती म्हणाली.

"हलू नकोस. पण पोरीच्या आणि भिंतीच्या मध्येही येऊ नकोस," म्हातारी म्हणाली. "छान काढलंस म्हणू नको, हे काय काढलंस असंही म्हणू नको. नुसती जवळ बस."

दुपार कलली तसा गाव गोळा झाला. पाटील पुढे, त्याच्यामागे कुंचे घेतलेली माणसं. नावाडी मान खाली घालून त्यांच्यातच उभा होता.

"बाई, बाजूला हो," पाटील म्हणाला. "एका पोरीपायी सगळं गाव मरणाच्या तोंडी द्यायचं का?"

"पाटील, एक लेकरू नदीनं नेलं. दुसरं तुमचा चुना नेतोय," आई म्हणाली. "ती चित्र काढते तेव्हाच पेज पिते. तुम्ही पुसता तेव्हा तोंड मिटते. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी."

माणसांत कुजबूज झाली. पाटलानं सूर्याकडे पाहिलं. "दिवस मावळेपर्यंत थांबतो. त्यानंतर भिंत पांढरी होणार. मग मध्ये कुणीही उभं राहो."

पोरीला हे ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. तिचा डावा हात चालत होता. आज पहिल्यांदाच कुणी कुंचा फिरवत नव्हतं, म्हणून रेघांचा अर्थ दिसू लागला. ती नदी होती. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं पाणी. त्यात एक मुलगी उभी राहिली. मग पाण्यात एक लहान डोकं आलं, एक लहान खांदा, आणि खांद्यापासून लांब पसरलेला एक हात. मुलीचाही हात निघाला, मनगटापर्यंत आला.

आणि तिथं कोळसा थांबला.

दोन हातांच्या मध्ये वीतभर पांढरी भिंत उरली होती. सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला. मागं कुणीतरी घमेल्यात कुंचा बुडवला, त्याचा आवाज सगळ्यांना आला.

आईला राहवेना. तिनं कोळसा घ्यायला हात पुढे केला. "दे बाळा, मी काढते."

म्हातारीनं तिचं मनगट धरलं. "तुझ्या हातानं काढलेला हात तिच्या काय कामाचा? तिला काढू दे."

"अहो, पण दिवस मावळला!"

"मावळू दे."

पाटील कुंचा घेऊन पुढे आला. चुन्याचे थेंब जमिनीवर पडत होते. आई मध्ये आली नाही. तिनं फक्त आपली पाठ त्याच्याकडे केली आणि पोरीशेजारी मांडी घालून बसली. तेवढ्यात गर्दीतून नावाडी पुढे झाला आणि पाटलाच्या वाटेत उभा राहिला.

पोरीनं कोळसा जमिनीवर टाकला आणि मिटलेल्या मुठीनं तो चुरडला. मग ती मूठ हळूहळू उघडली. एकेक बोट सुटताना तिला किती दुखत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. जखमांचा तो तळवा तिनं काळ्या भुकटीत दाबला आणि भिंतीवर, त्या वीतभर जागेत, टेकवला.

तळव्याचा ठसा भावाच्या हाताला भिडला.

"मी सोडला नव्हता," पोरगी म्हणाली. इतक्या दिवसांनी तिचा आवाज घोगरा झाला होता. "आई, भिवाचा हात मी सोडला नव्हता गं. पाण्यानं नेला."

भिवा. आता मलाही नाव सांगायला हरकत नाही.

आईनं तिला उराशी धरलं आणि "भिवा, माझा भिवा" म्हणत ती मोठ्यानं रडली. नावाडी भिंतीला डोकं टेकून रडला. ज्या भिंतीला कुणी पाठ टेकत नव्हतं, त्याच भिंतीला.

पाटील कुंचा धरून तसाच उभा होता. त्याच्या घरची भिंतही कधीतरी पांढरी झाली होती, त्याची पहिली मुलगी गेली तेव्हा. तिचं नाव घेऊन त्याला वर्षानुवर्षं झाली होती. त्यानं कुंचा खाली ठेवला आणि म्हातारीला हळूच विचारलं, "आजी, कोळसा उरलाय का थोडा?"

त्या रात्री पोरगी वाटीभर पेज प्यायली. ती लगेच खडखडीत बरी झाली, असं मात्र समजू नका. पुढे बरेच दिवस ती दचकून उठायची आणि पुन्हा तीच नदी काढायची. आई-बाप शेजारी बसून राहायचे. हळूहळू चित्रातली नदी लहान झाली. मग तिच्यात बापाची नाव आली. एके दिवशी पोरीनं नुसते खेकडे काढले आणि त्यांच्या वाकड्या पायांकडे बघून ती हसली.

पाटलाच्या सुनेला मुलगी झाली, धडधाकट आणि भारी रडकी. भिंत काळी असूनही!

गावानं रीत सोडली नाही, थोडी बदलली. तेराव्यानंतर शेजारी अजूनही येत, भिंत पांढरी करून देत. पण जाताना उंबऱ्यावर कोळशाची टोपली ठेवत, आणि घरचं कुणी भिंतीपाशी गेलं की गप्प बसून सोबत करत.

बोध असा: दुःख झाकल्यानं जात नाही, त्याला बाहेर यायला जागा मिळाली आणि ते पुरं होईपर्यंत कुणी जवळ बसलं, तर मिटलेली मूठ आपोआप उघडते.