बोळातली तुळस

प्राणीही दारात तुळस लावत, त्या काळातली ही गोष्ट. एका खडकाळ कपारीत साळींदर, मुंगूस आणि कासव शेजारी राहत. तिघांच्या मागच्या दारांपुढून एक सामाईक बोळ थेट ओढ्यावर उतरत होता.

साळींदराला परसातली जागा रताळ्यांसाठी पुरेना. त्यानं बोळात दोन वाफे काढले आणि त्यांच्या टोकाला तुळस लावली. मुंगूस तणतणत आलं. "अहो साळींदरराव, ही वाट तिघांची आहे!"

"मग टाका तुळस उपटून," साळींदर म्हणालं.

मुंगसानं तुळशीला हात जोडले आणि ते गुमान मागे फिरलं. पुढच्या वर्षी आणखी वाफे आले, आणखी दोन तुळशी आल्या आणि बोळ बंद झाला. मुंगूस आणि कासव डोंगराला वळसा घालून पाण्याला जाऊ लागली.

एके दिवशी वरून धोंडा घसरला आणि साळींदराचं पुढचं दार बुजलं. मागच्या दारानं निघावं, तर दाट तुळशींमधून काटेरी अंग जाईना. दोन दिवसांत घशाला कोरड पडली. ते ओरडलं, "मुंगूसराव, कासवराव, या तुळशी काढा हो!"

"तुळशीला आम्ही कसा हात लावणार?" कासव कळवळून म्हणालं.

शेवटी साळींदरानंच मुळांभोवतीची माती सैल केली, तिन्ही तुळशी अलगद उचलल्या आणि आपल्या परसात लावल्या.

मुंगूस बघत होतं. ते म्हणालं, "म्हणजे तुळस हलवता येते होय?"

साळींदर खाली मान घालून पाण्याला गेलं.