ठिपक्यांचं कडं

“दोन अक्षरांच्या नावाला तीन घरं का लागतात, बाई?”

या प्रश्नाने रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, असं ऋजुताने सांगितलं. ते अर्धंच खरं होतं.

उद्यापासून तिची मुलगी जुई बालवाडीत जायची होती. नवरा मस्कतला, गाव नवं, आणि तीन वर्षांची जुई अजून कुणा परक्याच्या कडेवरसुद्धा गेली नव्हती.

बालवाडीतल्या खणांवर चिकटवायला मुलांच्या नावांच्या उभ्या पट्ट्या हव्या होत्या. अक्षराखाली अक्षर. हाताने लिहिल्या असत्या तर चहा निवायच्या आत झाल्या असत्या. पण ऋजुता सगळ्यांसमोर ‘मी प्रोग्रॅम लिहून देते’ म्हणून बसली होती. असं बोलून बसायची तिला खोडच होती.

म्हणून ती जुईला घेऊन ओगलेबाईंकडे आली. बाईंनी कॉलेजात तिला संगणकाची ती भाषा शिकवली होती, जिच्यात सगळं रांगेत बसतं आणि एका चिन्हासरशी अख्खी रांग उठून उभी राहते. आता बाई दापोलीत एकट्याच राहत.

ऋजुताने लॅपटॉप उघडला. आधी यंत्र ‘जुई’चे नऊ मोजत होतं, तिने सांगितलं, कारण त्याला नुसते बाइट दिसत होते, एकेका चिन्हाचे तीन-तीन. त्यांचे तिने युनिकोडचे आकडे करून घेतले, दर चिन्हाला एक, तेव्हा कुठे तीन झाले. दोन मात्र काही केल्या होत नव्हते.

पडद्यावर वर ज होता. तळाला ई. मधल्या घरात नुसता उकार, आणि त्याच्या डोक्यावर ठिपक्यांचं गोल कडं.

“हे कडं तू काढलंस?”

“नाही, बाई. उकार एकटा पडला की यंत्रच काढतं. इथे कुणीतरी असायला हवं होतं, असं दाखवायला.”

बाई उठल्या.

मग आत जाऊन त्यांनी दोन पाट आणले आणि हातभर अंतर ठेवून मांडले.

“बसा.”

ऋजुता बसली. जुई तिच्या मांडीवर. दुसरा पाट रिकामाच.

“आणि ही?”

“ही नाही बसायची वेगळी.”

“पाट किती भरले?”

“एक.”

“माणसं?”

ऋजुताने लॅपटॉप पुढे ओढला. एका घरात अख्खी रांग बसू शकते, हे बाईंनीच तर शिकवलं होतं. जे चिन्ह एकटं उभं राहू शकत नाही, त्याला आधीच्या अक्षराच्याच घरात घाल, असं तिने यंत्राला सांगितलं.

पट्टी पुन्हा उमटली. वर जु, खाली ई. कडं गेलं.

तिच्या आवाजात पहिल्या बाकावरचा जुना तोरा आला. “म्हणजे ज्याला एकटं राहता येत नाही, त्याला सोडायचंच नाही. धरून ठेवायचं.”

“एकटं राहता येत नाही...” बाई म्हणाल्या. “कुणाला?”

बाहेर माडाची झावळी पडली.

दुसऱ्या पाटाच्या कडेला पितळी फुलं ठोकलेली होती. जुई बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. ती मांडीवरून घसरली, दोन पावलं गेली, त्या पाटावर बसली आणि एक फूल नखाने उचकटू लागली. मागे वळून तिने पाहिलं नाही.

ऋजुताचे हात होते तिथेच राहिले. कोपरात वाकलेले, बोटांत बोटं गुंतलेली, गोल. आत कुणी नव्हतं.

बाईंनी त्या हातांकडे पाहिलं. मग पडद्याकडे...

जुईने मान वर केली.

“आई,” ती म्हणाली, “हात खाली ठेव ना.”