पहिली बैठक

घाटमाथ्यावरच्या एका बाजारगावात भागुजी नावाचा जिनगर राहत असे. त्याचे वाडवडील घोड्यांची खोगिरं शिवत. पुढे घोडे गेले, मोटारी आल्या, तसा भागुजी मोटारींच्या सीटा शिवू लागला. कात्री तीच राहिली, फक्त कातड्याच्या जागी रेक्झिन आलं.

त्या घराण्यात एक चाल होती. नवी सीट बसवून झाली, की शिवणाऱ्याने आधी स्वतः तिच्यावर बसायचं आणि गावच्या वेशीपर्यंत जाऊन यायचं. वेशीपाशी नारळ फुटायचा. मगच मालकाच्या घरची माणसं त्या सीटवर बसत. याला 'पहिली बैठक' म्हणत. गावातली तरणी पोरं हसत, म्हणत, "काका, फुकट फेरफटक्याची बरी सोय करून ठेवलीय तुमच्या आज्यानं." भागुजीही हसायचा, पण बसायचा.

एके दिवशी धोंडिबा खोमणे आपली जुनी पिकअप घेऊन त्याच्या दारात आला. गाडीचं इंजिन ठणठणीत होतं, पण आतून तिची पार रया गेली होती. चालकाशेजारच्या बाकातून तारा वर आल्या होत्या, आतला फोम उंदरांनी कुरतडला होता, दारांची पॅडं निखळली होती आणि छताचं कापड डोक्यावर लोंबत होतं.

धोंडिबाची लेक शालन बाळंतपणाला माहेरी आली होती. आता तिला आणि तान्ह्या नातीला घाटाखाली सासरी पोचवायचं होतं.

"येताना या बाकाच्या तारंत पोरीचं लुगडं फाटलं, भागुजी," धोंडिबा म्हणाला. "पोटुशी होती, कायबी बोलली न्हाई. पर मला लई लागलं. जाताना ती राणीवानी गेली पायजे."

भागुजीने शालनला परकरी पोर असल्यापासून पाहिलं होतं. त्याने काम मनावर घेतलं. भंगारात निघालेल्या एका बऱ्या गाडीचा धडधाकट बाक शोधून आणला. त्यावर नवा फोम चढवला, डाळिंबी रेक्झिन शिवलं. छताला कापड ताणलं, दारांना पॅडं बसवली. जाणारे-येणारे थांबून बघू लागले. जुन्या गाडीत नवी नवरी बसावी तसा तो बाक दिसत होता, आणि भागुजीला त्याचा अभिमान वाटत होता, का वाटू नये?

घोळ झाला तो शेवटच्या संध्याकाळी. बाक दुसऱ्या गाडीचा. त्याचा मागचा एक पाय जुन्या भोकावर येईना. भागुजीने पायाच्या जागी नवं भोक पाडायला ड्रिल लावलं, आणि ते पापडात शिरावं तसं खाली गेलं. तळाचा पत्रा तिथे आतून गंजून खलास झाला होता. त्याला खालून जाड पट्टी डकवून वेल्डिंग मारायला हवं होतं. पण गावातला एकुलता एक वेल्डिंगवाला सोयऱ्याकडे लग्नाला गेलेला. आणि उद्या दुपारनंतर अमावस्या लागणार होती. अमावस्येला ओल्या बाळंतिणीला कोण वाटेला लावतं? धोंडिबाच्या व्याह्यांना निरोपही गेला होता.

भागुजीने एक मोठा वॉशर घातला, बोल्ट आवळला आणि बाक हलवून पाहिला. हलला नाही.

"धरंल," तो स्वतःशीच म्हणाला. आणि त्याने वर नवी कोरी मॅट अंथरली.

सकाळी धोंडिबा आला. बरोबर बायको, शालन आणि दुपट्यात गुंडाळलेली नात. धोंडिबाच्या हातात नारळ होता.

"चल भागुजी, बस. येशीपर्यंत जाऊन येऊ."

भागुजीने बाकाकडे पाहिलं. मग त्याचा हात गुडघ्यावर गेला. "गुडघा धरलाय आज. चढवत न्हाई गाडीत. जावा तुमी, येळ टळंल."

"मग ह्यो तूच फोड, जमंल तवा," म्हणत धोंडिबाने नारळ त्याच्या हातात दिला. शालन बाळाला मांडीवर घेऊन बाकावर बसली. शिवणीवरून हात फिरवत म्हणाली, "काका, किती मऊ केलीसा गादी!" गाडी निघून गेली.

गोदाबाई, भागुजीची बायको, दारातून हे सगळं बघत होती.

"गुडघा कवापासनं दुखतोय म्हनं?" तिने विचारलं. "सकाळी तर हौदावरनं घागरी आणल्यासा."

भागुजी हातातला नारळ उगाच फिरवत राहिला. खरी गोष्ट एवढीच होती, की त्याला त्या बाकावर बसायची भीती वाटली होती. आपलं मन जिथे बसायला धजलं नाही, तिथे आपण दुसऱ्याची लेक आणि तिचं तान्हं बसवून दिलं, हे त्याला आता नीट कळलं. आता सांगायला जावं, तर गावभर छी-थू होणार. गप्प राहावं, तर कदाचित काही होणारही नाही आणि कुणाला कळणारही नाही. हा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि चांगला मांडी घालून बसला. पण हातातला नारळ काही त्याला खाली ठेववेना.

तो उठला. शेजारच्या दूधवाल्याला म्हणाला, "फटफटी काढ. घाटाच्या तोंडाशी मला पोचीव."

घाटाच्या तोंडाशी देवीचं ठाणं आहे. लेकुरवाळी बाई घाट उतरताना तिथे थांबून देवीची ओटी भरते. खोमण्यांची पिकअप तिथेच उभी होती. शालन गाडीत परत चढणार, तोच भागुजी आडवा आला.

"बसू नगंस पोरी," तो म्हणाला. त्याने सगळ्यांसमोर मॅट उचलली आणि गंजलेला पत्रा दाखवला. "मला ठावं हुतं, धोंडिबा. गुडघा दुखत नव्हता."

धोंडिबाचा चेहरा लाल झाला. "ठावं हुतं? आन् तू माज्या लेकीला हितं बसवलंस?"

घाटाखाली जाणाऱ्या एसट्या देवीपाशी थांबत. एक आली, तशी धोंडिबाच्या बायकोने नातीला घेतलं आणि मायलेकी एसटीत जाऊन बसल्या. पिकअपमध्ये पाळणा आणि सासरी द्यायची शिदोरी होती, ती तर खाली न्यायलाच हवी होती.

धोंडिबाचा राग मावळला नव्हता. "सकाळपासनं धरलंय, ते आता सुटनार हाय व्हय? उगा माज्या पोरीला उठवलंस. तू बसवलाईस न्हवं ह्यो बाक? मग आता तूच बस!"

"बसतो," भागुजी म्हणाला. "माजी बैठक ऱ्हायलीच हाय." आणि तो बसला.

गाडी घाट उतरू लागली. एका वळणावर समोरून मालट्रक रस्त्याच्या मधोमध आला. धोंडिबाने करकचून ब्रेक दाबला. पत्रा फाटला, मागचा पाय बोल्टसकट उपसून आला आणि अख्खा बाक पुढे उलटला. भागुजी समोरच्या डॅशबोर्डवर जाऊन आदळला. त्याचा उजवा कोपर मोडला.

धोंडिबाने गाडी कडेला घेतली. त्याला भागुजीकडे बघवेना. तो त्या उलटलेल्या बाकाकडे बघत होता. तिथे, त्या जागी, आज शालन असती, आणि तिच्या मांडीवर लेकरू. तो खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसला आणि लहान पोरासारखा रडला.

भागुजीचा हात बरा झाला, पण पुरता सरळ कधी झाला नाही. काही दिवसांनी धोंडिबा पिकअप घेऊन पुन्हा त्याच्या दारात आला.

"माज्याकडं कशाला आणलीस?" भागुजीने मान खाली घालून विचारलं. "दुसरं कारागीर हायत की."

"हायत," धोंडिबा म्हणाला. "पर त्यांतलं कोन माज्यामागं घाटापर्यंत धावत आलं असतं, सांग."

या वेळी आधी मॅट निघाली. सगळा तळ खरवडला गेला, वेल्डिंगवाल्याने खालून पट्टी मारली, आणि मगच डाळिंबी बाक जागेवर बसला. भागुजी त्यावर बसला आणि वेशीपर्यंत गेला. तिथे त्याने तो राहिलेला नारळ डाव्या हाताने फोडला. त्या दिवसापासून त्याच्या दुकानात कुणी रेक्झिनचा रंग विचारला, तर तो आधी गाडीतली मॅट उचलायला लावी.

तात्पर्य: जिथे बसायला आपण स्वतः धजत नाही, तिथे दुसऱ्याला बसवू नये, आणि चुकून बसवलंच, तर लाज गिळून त्याच्यामागे धावत जावं.